जाण्याइतकं कमी

त्या माणसानं टेबल दोनदा पुसलं. तिसऱ्यांदा पुसलं नाही. कामचुकार आहे, असं मी मनात म्हटलं. दुसऱ्याचं काम तपासायची खोड शिक्षकाला असतेच, आणि ती हॉस्पिटलच्या खाटेवरही जात नाही.

नव्व्याण्णव साल होतं. मी बत्तीस वर्षांची, रत्नागिरीच्या एका हायस्कूलात नववी-दहावीला विज्ञान शिकवत होते. मुलगी दीड वर्षाची. गळ्यात गाठ आली, ती कॅन्सरची निघाली. मुंबईला ऑपरेशन करून थायरॉइडची ग्रंथी काढली, आणि चुकूनमाकून जे काही मागं राहिलं असेल ते जाळून टाकायला मला रेडिओअ‍ॅक्टिव्ह आयोडीन प्यायला दिलं. त्याच्या दोन महिने आधी मुलीचं अंगावरचं दूध तोडायला लावलं होतं, दोन आठवडे आधी मासळी आणि आयोडीनचं मीठ बंद. खाडीकाठच्या बाईला मासळी बंद म्हणजे अर्धा जीव तिथंच गेला. उरलेला अर्धा त्या ग्लासानं घेतला. दिसायला पाणीच. नर्सनं स्ट्रॉ घालून ग्लास समोर ठेवला आणि मी प्यायला लागायच्या आत ती दाराबाहेर होती.

तीन दिवस त्या खोलीत एकटी. जेवणाचं ताट दाराशी ठेवून माणूस पळायचा. भरपूर पाणी प्या, लिंबाच्या गोळ्या चघळा, दिवसातून दोनदा अंघोळ करा, संडासात जास्तीचं पाणी सोडा. कारण ते आयोडीन लघवीतून, घामातून, थुंकीतून बाहेर पडत असतं आणि जिथं लागेल तिथं थोडं राहतं. हे सगळं मला डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, त्यामुळे समजलंही होतं. तीच पुढं अडचण झाली.

तिसऱ्या दिवशी हातात मीटर घेतलेला एक माणूस आला. माझ्यापासून दोन पावलांवर उभा राहिला, त्याच्या हातातलं यंत्र टिकटिकलं, त्यानं आकडा लिहून घेतला.

"जाऊ शकता," तो म्हणाला.

"संपलं?"

"संपत नाही, बाई. जाण्याइतकं कमी झालंय."

मग त्यानं खोली तपासायला घेतली. माझ्या जेवणाच्या टेबलावर यंत्र धरलं, ओल्या कागदानं टेबल पुसलं, परत धरलं, परत पुसलं, परत धरलं, आणि कागद पिवळ्या पिशवीत टाकून हातमोजे काढले. यंत्र अजून टिकटिकत होतं. मी म्हटलं, "अजून एकदा पुसलं असतं तर आणखी कमी झालं असतं ना?"

"झालं असतं. मग चौथ्यांदा का नको? यंत्र कधीच गप्प होत नाही. या भिंतीतपण थोडं आहे, तुमच्या-माझ्या हाडांतपण आहे." माणूस सज्जन होता, पण त्याला पुढच्या खोलीत जायचं होतं. तो गेला. माझ्या हातात कागद आला: पंधरा दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहणे, वेगळे झोपणे, ताटवाटी, टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवणे व वेगळे धुणे. जाण्याइतकं म्हणजे कुठं जाण्याइतकं, हे त्या कागदावर नव्हतं. बसस्टँडवर जाण्याइतकं का दीड वर्षाच्या पोरीच्या तोंडाशी तोंड नेण्याइतकं?

भावानं जीप केली. तो पुढं ड्रायव्हरशेजारी, मी अगदी मागच्या बाकावर. भरपूर पाणी प्यायचं हे हॉस्पिटलात ठीक असतं, जीपमध्ये तो हुकूम म्हणजे शिक्षा. चार ठिकाणी थांबावं लागलं, आणि प्रत्येक हॉटेलच्या संडासात मी इतक्या बादल्या ओतल्या की एका मालकानं भावाला विचारलं, बाईमाणसाची तब्येत बरी आहे ना. हातखंब्याला गाडी रत्नागिरीकडे वळली तेव्हा मला घराचा वास आल्यासारखं झालं.

घरी माझ्या सासूबाई आणि धाकटी नणंद. नवरा आखातात, वर्षातून एकदा येणार. सासूबाई पोरीला कडेवर घेऊन ओटीवर उभ्या होत्या. पोरीनं मला ओळखलं, दोन्ही हात टाकून ती माझ्याकडे झुकली. मी मागं सरकले आणि ओरडले, "जवळ आणू नका तिला!" दोन आठवड्यांनी घरी आलेल्या आईचा पहिला शब्द हा. पोरीनं भोकाड पसरलं. सासूबाई तिला घेऊन आत वळल्या.

माझी सोय मागच्या खोलीत केली होती. एरवी तिथं आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि सोललेले नारळ असायचे. खोलीला दोन दारं, एक घरात उघडणारं, एक परसात, संडासाकडे. खिडकीतून विहीर आणि विहिरीचा जांभ्याचा कट्टा दिसायचा, त्याच्या खाली सांडपाण्यावर वाढलेलं अळू. खोलीला कड्या होत्या त्या आतून. हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही. मला वाटत होतं मला कोंडलंय.

पहिले दोन दिवस बरे गेले असं म्हणायला हरकत नाही. नणंद खिडकीशी पोरीला आणायची, मी आतून बोलायची. माझं ताट सासूबाई उंबऱ्यावर ठेवायच्या, मी ते माझ्याच खोलीत धुवायची. कपडे मीच धुणार म्हटलं, तर सासूबाईंनी ऐकलं नाही. गळ्याला टाके, अंगात त्राण नाही, विहिरीचं पाणी कोण काढणार? त्यांनी काठीनं बादली ओढून नेली. मी त्यांना रबरी मोजे घालायला लावले, ते त्यांनी घातले, विहिरीशी जाऊन काढून ठेवले. ओल्या रबरानं पिळता येत नाही म्हणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीशी बसले होते. सासूबाई माझा गाऊन धूत होत्या. धुऊन, पिळून, परत पाण्यात घातला. मला वाटलं, खळबळून काढतायत. परत पिळला, परत पाण्यात घातला. त्यांचे ओठ हलत होते. चौथ्या पाण्याला त्या वाकल्या, कट्ट्याच्या कडेची मूठभर तांबडी माती घेतली, पाण्यात कालवली आणि गाऊन त्यात बुडवला.

आमच्या कोकणी मुसलमानांत हे कुणाला सांगावं लागत नाही. कुत्र्यानं भांड्यात तोंड घातलं तर ते सात पाण्यांनी धुतात, त्यातलं एक पाणी मातीचं. बाकी कशालाही, अगदी रक्ताच्या डागालाही, एक स्वच्छ पाणी पुरतं. सात पाणी फक्त कुत्र्याला आणि डुकराला. माझ्या माहेरी एकदा शेजारच्या कुत्र्यानं दुधाच्या टोपात तोंड घातलं तेव्हा आईनं तो टोप असाच धुतला होता, आणि धुऊन झाल्यावरही आम्ही पोरं त्यातलं दूध प्यायला आठ दिवस कुरकुरत होतो.

माझं डोकं फिरलं. रागावले की मी घरची बोली बोलत नाही, शाळेतली बोलते. "अम्मा! मी काय कुत्र्यानं तोंड घातलेलं भांडं आहे?"

सासूबाईंनी मान वर केली नाही. "पाच," त्या म्हणाल्या. "मदी मना बोलवू नको. मोजणी चुकली तर पैल्यापास्न धरावा लागंल."

सहा आणि सात होईपर्यंत मी खिडकीचे गज धरून उभी होते. मग गाऊन पिळून, झटकून त्यांनी दोरीवर टाकला आणि त्या आत निघून गेल्या. मी दिवसभर जेवले नाही. अपमान तर झालाच होता, पण त्याच्या बुडाशी दुसरं काहीतरी होतं, ते मला संध्याकाळी कळलं. सात पाण्यांनी तरी पुरतं का, हा प्रश्न माझ्याच मनात आला होता. सासूबाईंचा राग आलेला मी सोडून देऊ शकले असते. हा प्रश्न काही सुटेना.

माझ्याकडे शाळेचा आलेखाचा कागद होता. मी मांडायला बसले. आयोडीन एकशे एकतीस, आठ दिवसांत अर्धं होतं. हे काही मला नव्यानं शोधायचं नव्हतं. सुरुवातीला शंभर धरले. आठव्या दिवशी पन्नास. सोळाव्या दिवशी पंचवीस. चोविसाव्या दिवशी साडेबारा. बत्तिसाव्या दिवशी सव्वासहा. चाळिसाव्या दिवशी तीन आणि वर थोडं. त्यानंतर रेघ खालच्या रेघेला चिकटल्यासारखी दिसते, पण चिकटत नाही. मी पेन्सिलीला टोक काढकाढून बघितलं, चिकटत नाही.

आणि पंधराव्या दिवशी? सत्तावीस. कागदावर पंधरा दिवस लिहून डॉक्टरीणबाई मला सत्तावीस मार्कांवर पास करत होत्या. आमच्या शाळेतसुद्धा पस्तीसच्या खाली पास करत नाहीत.

त्या सांडपाण्याचंही मी मनात घेतलं. सात पाणी म्हणजे सातपट पाणी अळवात. मी नणंदेला खिडकीशी बोलावून सांगितलं, ते अळू खायचं नाही. कट्ट्यावर पोरीला बसवायचं नाही. माझे कपडे वाळतात त्या दोरीखालून न्यायचं नाही. तिनं मान डोलावली. ती वीस वर्षांची, गुणाची पोरगी, पण मी रोज एक नवं "नाही" वाढवत गेले तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून दिसायला लागलं की ती मोजतेय. घर लहान होत चाललं होतं. आधी मी एका खोलीत होते, मग त्या तिघी अर्ध्या घरात आल्या.

पंधरावा दिवस उजाडला. सकाळीच घरातल्या बाजूच्या दारावर थाप पडली. मी दाराच्या फटीतून बघितलं. सासूबाईंनी पोरीला न्हाऊ घातलं होतं, ईदचा फ्रॉक घातला होता, डोळ्यात सुरमा.

"पंधरा झाले," त्या म्हणाल्या. "कडी काढ. घे तुजी पोर."

मी कडीवर हात ठेवला. पोर दाराच्या पलीकडे काहीतरी पुटपुटत होती, तिच्या बोटांनी दाराची फट खाजवत होती. तिचा वास येत होता, साबणाचा आणि तिचा. मला ती हवी होती. इतकी, की माझ्या आटलेल्या छातीत कळ आली. आणि मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

"सत्तावीस उरलेत, अम्मा."

"कसले सत्तावीस?"

"शंभरातले."

बंद दाराआडून मी त्यांना अर्ध-आयुष्य समजावलं. एक भाकरी, तिची अर्धी, त्या अर्ध्याची अर्धी. दहावीच्या पोरांना कळायला दोन तास लागतात, त्यांना दोन मिनिटांत कळलं.

"मंग ता संपतंय कधी?"

"संपत नाही. अर्धं होत जातं."

"संपतच नाय असा काय असतंय?" त्या स्वतःशी म्हणाल्या. मग मोठ्यानं, "किती दिस म्हणतंस तू?"

"चाळीस. मग तीनच उरतात."

"चाळीस दिस बाळंतिणीचे. तू काय पुन्यांदा बाळंत झालंस गो?" आणि त्या पोरीला घेऊन गेल्या. पोर रडत गेली. मी दाराशी खाली बसून रडले. पण कडी काढली नाही. पंधरा दिवस इतरांनी मला आत ठेवलं होतं, सोळाव्या दिवसापासून मीच मला ठेवलं, आणि मला वाटत होतं की यात मोठा त्याग आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा तर सुंभही अजून शाबूत होता.

शुक्रवारी नवऱ्याचा फोन यायचा. फोन ओटीच्या खोलीत. रिसीव्हर पोर तोंडात घालते म्हणून मी त्याला हात लावणार नव्हते. म्हणून नणंद फोन धरून बसायची, तो काय म्हणाला ते ओरडून मला सांगायची, मी काय म्हटलं ते त्याला. नवराबायकोचं भांडण असं तिसऱ्याच्या तोंडून ऐकणं म्हणजे करमणूक, पण मोहल्ल्याची. आमची नव्हे.

"भाईजान बोलतात, डॉक्टरांनी पंधरा सांगितले ना?"

"त्याला सांग, डॉक्टरांची नाही ती पोर."

"ते बोलतात, डॉक्टरांना फोन लाव मंग."

मी लावला नाही. त्या कमीच सांगणार, हे मला माहीत होतं. त्यांना खाट रिकामी हवी असते. असं मी खरंच म्हणत होते, मोठ्यानं. ज्या बाईनं माझ्या गळ्यातली मौत काढली तिच्याबद्दल.

खिडकीशी पोरीचं येणं कमी झालं. आधी ती मला बघून गजांतून हात घालायची, मी मागं सरायची. दोन-चारदा असं झाल्यावर तिनं हात घालणं सोडलं. नणंद म्हणायची, "ती बघ मम्मी." पोर माझ्याकडे बघायची, विहिरीकडे बघायची, कावळ्याकडे बघायची, सारख्याच नजरेनं. एकदा तिनं नणंदेच्या मानेत तोंड खुपसून तिलाच "मम्मी" म्हटलं. नणंद एकदम घाबरून म्हणाली, "मी नाय, मी नाय," आणि माझ्याकडे बघून तिच्या डोळ्यात पाणी आलं. मी तिला म्हटलं, जाऊ दे, लहान आहे. मग आलेखाचा कागद घेतला आणि त्या दिवसाचा ठिपका दिला. शंभरातले आठ उरले होते.

बत्तिसाव्या दिवशी दुपारी परसातल्या दारानं सासूबाई आत आल्या. मी संडासाहून आले तेव्हा कडी लावायची राहिली होती. त्या सरळ येऊन माझ्या खाटेवर बसल्या. माझ्या उशीवर, माझ्या चादरीवर. मी भिंतीला चिकटले. "उठा, अम्मा, उठा तिथून!"

खाटेजवळ स्टुलावर माझा स्टीलचा पेला होता, निम्मा प्यालेला. त्यांनी तो उचलला, बिस्मिल्ला म्हटलं आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. घाईनं नाही. रोजा सोडताना पितात तसं, तीन घोटांत. मी किंचाळले. शेजारी ऐकू गेलं असेल.

"आता माज्यात पण आला," पेला खाली ठेवत त्या म्हणाल्या. "आता मना पण हितंच बसव चाळीस दिस. नायतर दोघी बाहेर जाऊ."

मी रडत होते, ओरडत होते, तुम्हाला काही कळत नाही, तुम्ही अडाणी आहात, असलं काहीतरी म्हणत होते. ते शब्द मी आजही परत घ्यायला तयार आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सात पाण्याचा तुना राग आला, मना म्हायत हाय," त्या म्हणाल्या. "त्याच्या वर धुणं नाय, म्हणून ता केला. एक पाण्यानं धुतला असता तर कोणतरी बोलला असता, पुरा झाला काय? तूच बोलली असतंस. म्हणून सगल्यात मोठा केला, म्हंजे पोरीला आडवायला कोणाकडं काय उरायचा नाय. सात झाले की माजा संपतंय. धुऊन पण डाग ऱ्हायला तर तो माफ असतंय, हा तुना पण शिकवलाय. तुजा कदी संपतंय, ता सांग. चाळीस झाले की तू पन्नास बोलशील."

मी म्हणणार होते. खरं तर मी आदल्याच रात्री कागदावर अठ्ठेचाळिसाव्या दिवसाचा ठिपका देऊन ठेवला होता. दीड. चाळिसाचे तीन मला जास्त वाटायला लागले होते.

त्यांनी माझं मनगट धरलं. महिन्याभरात मला कुणी हात लावला नव्हता. बोटं खरखरीत, विहिरीच्या दोरानं घट्टे पडलेली. त्यांनी कडी काढली आणि मला घरात नेलं, आणि मी गेले. शूर वगैरे होऊन नाही. त्यांनी ओढलं म्हणून.

पोर ओटीवर वाटीशी खेळत होती. मी तिच्यासमोर बसले, हात पुढं केले. तिनं मला नीट बघितलं. रडली नाही, पळाली नाही. परक्या बाईला दाखवतात तशी तिनं मला वाटी दाखवली. मग उठून नणंदेकडे गेली. पुढचे दोन महिने ती झोपायला, जेवायला, रडायला नणंदेकडेच जायची. माझ्याकडे खेळायला यायची.

सहा महिन्यांनी तपासणीला मुंबईला गेले. गळ्यात काही उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाई खूश होत्या. मी सहज म्हणून सांगते असा आव आणून बत्तीस दिवसांचं सांगितलं, आलेखाचं सांगितलं. त्यांनी आधी हसून ऐकलं, मग हसणं थांबवलं.

"आठ दिवसांत अर्धं, ते बाटलीत," त्या म्हणाल्या. "बूच लावून कपाटात ठेवलं तर. तुमची ग्रंथीच काढलेली, आयोडीन धरून ठेवणार कोण? इतकं पाणी प्यायला लावलं ते कशासाठी? निम्म्याहून जास्त तर इथल्याच संडासातून गेलं. पंधरा दिवस मी लिहिले ते सगळं धरून, वर भरपूर सोडून लिहिले होते. पंधराव्या दिवशी तुमच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, बाई."

बाटली आणि बाई यातला फरक बी.एस्सी.ला विचारत नाहीत. लघवीतून बाहेर पडतं हे मला माहीत होतं, हॉटेलांत मी त्यासाठीच बादल्या ओतल्या होत्या. आणि मांडताना मी ते धरलंच नाही. मी माझी चूक शोधून काढायला हवी होती, दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं काढते तशी. मी काढली नाही, कारण मला उत्तर मोठंच हवं होतं. पंधराच्या वर सतरा दिवस. मी परतीच्या गाडीत खिडकीबाहेर तोंड करून बसले. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी "बरा झाला, गेला ना?" एवढंच विचारलं आणि त्या बांगडे साफ करायला बसल्या. त्यांना मी अडाणी म्हटलं होतं, त्याची माफी मी तेव्हा मागायला हवी होती. पुढच्या साली त्या गेल्या, तोवर राहूनच गेली.

पोर परत माझी झाली. नणंदेचं लग्न होऊन ती लांज्याला गेली तेव्हा पोरीला दुसरं कुणी नव्हतं, असंही म्हणता येईल, पण झाली. केस मलाच विंचरू द्यायची, शाळेतल्या सगळ्या भानगडी मला येऊन सांगायची. मला वाटायचं ते सगळं मागं पडलं. मी वर्गात अर्ध-आयुष्य शिकवताना बाटलीचं उदाहरण देते, पोरं हसतात.

ती आठ वर्षांची असताना एका दुपारी शाळेतून येताना सायकलवरून पडली. गुडघा फुटला होता, कोपर सोललं होतं. रडत, धावत घरात आली. मी पीठ मळत नव्हते, मासळी साफ करत नव्हते, हातात काही नव्हतं, पेपर वाचत बसले होते. तिला बघून मी उठले आणि मोरीकडे गेले. साबण घेतला. मनगटापर्यंत, बोटांच्या मधे, नखांत. मागून रडण्याचा आवाज येईना म्हणून मी वळले.

ती मोरीच्या दारात उभी होती. रडणं तिनं गिळलं होतं, हनुवटी थरथरत होती. रक्ताचा ओघळ मोज्यापर्यंत आला होता. दोन्ही हात तिनं अंगापासून दूर धरले होते आणि ती वाट बघत होती. तिला सवय होती. किती वर्षांची, ते मला तोवर माहीत नव्हतं.

मी तशीच, साबणाच्या हातांनी, खाली बसून तिला कवेत घेतलं. ती दचकली. माझ्या छातीवर तळवे टेकवून तिनं मला मागं सारलं.

"मम्मी, अजून फेस आहे तुझ्या हाताला," ती म्हणाली, आणि माझा खांदा धरून तिनं मला हळूच नळाकडे वळवलं. "नीट धू आधी. मी थांबते."